रूपांतरकथा (रोमन पुराणकथा)

माणूस, अप्सरा किंवा देवता यांचा पशू, पक्षी, वृक्ष, पाषाण वा तारा होतो, अशा प्राचीन रोमन अद्‌भुतकथा. बहुतेक मूळच्या ग्रीक. त्यांना आजचे ओळखीचे रूप दिले ते लॅटिन कवी ऑव्हिडने. त्याच्या ‘मेटॅमॉर्फोसीस’ (रूपांतरे) या 15 सर्गांच्या, सुमारे 12,000 ओळींच्या काव्यात अशा अडीचशेच्या आसपास कथा एकीतून दुसरी उमलावी तशा गुंफल्या आहेत. इ. स. 8 मध्ये सम्राट ऑगस्टसने त्याला काळ्या समुद्राकाठच्या टोमिसला (सध्या रूमानियात) हद्दपार केले, तेव्हा हे काव्य जवळजवळ पुरे झाले होते.

देह पालटतो, मन तेच राहते आणि वाचा जाते. या कथांचा जीव इथे आहे. आयो या अप्सरेला देवांचा राजा ज्युपिटरने कालवड केले. तिचा बाप, नदीदेव इनाकस, न ओळखताच तिला गवत भरवतो. ती त्याचे हात चाटते, रडते आणि शेवटी खुराने धुळीत अक्षरे उमटवून आपली ओळख पटवते. अ‍ॅक्टिऑनला तेवढीही सवड मिळत नाही. स्नान करणारी शिकारीची देवी डायाना नजरेस पडली म्हणून तो हरिण होतो आणि त्याच्याच शिकारी कुत्र्यांच्या तोंडी सापडतो. सोबती मात्र ‘अ‍ॅक्टिऑन, कुठे आहेस?’ म्हणून हाका मारत असतात. याहून करुण प्रसंग या काव्यात क्वचितच असेल.

अपोलो या देवापासून पळणाऱ्या डॅफ्नी या अप्सरेचा लॉरेल वृक्ष होतो. खोडावर हात ठेवताच अपोलोला सालीखाली तिचे काळीज धडधडताना जाणवते. विजयी रोमन सेनापतींच्या मस्तकावर चढे तो याच झाडाचा पानमुकुट. इटालियन शिल्पकार बेर्निनीने 1622–25 मध्ये घडवलेल्या संगमरवरी शिल्पात तिच्या बोटांना पाने फुटताना दिसतात. ते रोमच्या बोर्गेझे संग्रहालयात आहे.

काही कथा अस्सल इटलीच्या मातीतल्या. राजा पायकस जादूगारीण सर्सीचे प्रेम नाकारतो आणि सुतारपक्षी होतो. अंगरख्याचा जांभळा रंग पिसांत उतरतो, सोन्याच्या पिनेचे गळ्याभोवती सोनेरी कडे होते.

अखेरच्या सर्गात रूपांतर राजकारणाला येऊन भिडते. इ. स. पू. 44 मध्ये ज्युलियस सीझरचा खून झाला, त्याच वर्षी त्याच्या स्मरणार्थ भरवलेल्या खेळांच्या वेळी आकाशात धूमकेतू दिसला. लोकांनी तो त्याचा आत्मा मानला. ऑव्हिडच्या काव्यात प्रेमदेवता व्हीनस तो आत्मा छातीशी धरून नेते. तो पेटू लागल्याचे जाणवताच ती त्याला सोडते आणि तो चंद्राच्याही वर जातो.