दहाचा आकडा आला कुठून?

कोड रिव्ह्यूला, म्हणजे सहकाऱ्यांच्या तपासणीला, पाठवला की टूल हमखास एक ओळ टाकतं: सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी (कोडमधले निर्णय मोजून काढलेला गुंत्याचा आकडा) १४, मर्यादा १०. आपण फंक्शनचे दोन तुकडे करतो, आकडा खाली येतो, कोड मर्ज होतो. दहाच का, बारा का नाही, हे विचारायची वेळच येत नाही. मीही बरीच वर्षं विचारलं नाही. मग एकदा हे माप मांडणारा मूळ निबंध काढून वाचला आणि लक्षात आलं, की आकडा आपल्यापर्यंत पोचला, पण त्याच्यासोबत लिहिलेलं बरंचसं वाटेतच गळलं.

साठच्या दशकात यंत्रं झपाट्याने मोठी झाली आणि प्रोग्रॅम एका माणसाच्या डोक्यात मावेनासे झाले. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोने परिषद भरवली, ती याच दुखण्यावर. त्याच वर्षी मार्चमध्ये संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांचं 'गोटू'विरुद्धचं (प्रोग्रॅमला थेट दुसऱ्या ओळीवर उडी मारायला लावणाऱ्या आज्ञेविरुद्धचं) पत्र छापून आलं होतं. त्याचं गाजलेलं, काहीसं भडक शीर्षक त्यांचं नव्हतंच. ते संपादक निक्लाउस विर्थ यांनी दिलं. पत्रातला मुद्दा शीर्षकाहून बराच शांत आहे. प्रोग्रॅम कागदावर स्थिर असतो, चालताना तो काळात उलगडतो. माणसाची बुद्धी स्थिर गोष्टी समजण्यात जास्त तरबेज, म्हणून या दोहोंतलं अंतर शक्य तेवढं कमी ठेवावं. गोटूच्या उड्यांनी ते वाढतं. क्रम, निवड आणि पुनरावृत्ती एवढ्यावर कोणताही प्रोग्रॅम लिहिता येतो, हे बोम आणि जाकोपिनी यांनी १९६६ मध्येच सिद्ध केलं होतं.

हे सगळं पटत होतं, पण मोजायचं कशाने? हाताशी एकच पट्टी होती, ओळींची. मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रॅमचा एक सुटा भाग, ५० ओळींत, म्हणजे एका पानात बसवा, झालं.

टॉमस मॅकेब तेव्हा अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीत होते. डिसेंबर १९७६ मध्ये छापलेल्या निबंधात त्यांनी या पट्टीतली गफलत एकाच उदाहरणात दाखवली. ५० ओळींच्या प्रोग्रॅममध्ये एकापाठोपाठ एक २५ 'इफ-देन' ('असं असेल तर हे कर') असतील, तर त्यातून जायच्या वाटा ३ कोटी ३५ लाखांवर जातात. पान एकच, पण सगळ्या वाटा तपासणार कोण? मग त्यांनी प्रोग्रॅमकडे आलेख म्हणून पाहिलं: विधानं म्हणजे बिंदू, एका विधानाहून दुसऱ्याकडे जाणं म्हणजे कडा. कडांमधून बिंदू वजा करायचे आणि दोन मिळवायचे. गोटू नसलेल्या कोडात आलेख काढायचीही गरज नाही. जेवढे निर्णय, त्यात एक मिळवला की उत्तर तयार. एकमेकींपासून स्वतंत्र वाटा किती, हे ती संख्या सांगते आणि त्यावरून टेस्ट किती लागतील याचा अंदाज येतो.

म्हणजे हे माप मुळात टेस्ट करणाऱ्यासाठी होतं. कोड तपासायला आणि सांभाळायला जड जाईल का, हा त्यांचा प्रश्न. वाचणाऱ्याच्या डोक्याला किती ताप होईल, हे त्यांनी मोजलंच नव्हतं. (फॉरट्रान या जुन्या भाषेतल्या प्रोग्रॅमचे असे आलेख ते यंत्राकडून काढून घेत आणि आकृतीच्या ठेवणीवरून कोड कोणाचा हे ओळखू येई, असंही त्यांनी नोंदवलंय. मला तो भाग आकड्याहून जास्त आवडतो.)

आणि दहा? ही मर्यादा वाजवी आहे, पण तिच्यात जादू नाही, असं मॅकेब यांनीच लिहून ठेवलंय. शिवाय एक सूटही दिली होती: एकाच निवडीखाली बरेच सुटे पर्याय आले, म्हणजे लांबलचक 'केस', तर मर्यादा ओलांडलेली चालेल. टूल्सनी दहा उचलला, सूट विसरली.

त्याचा परिणाम असा. महिन्याचा क्रमांक घेऊन नाव परत देणारं फंक्शन घ्या: एक स्विच (म्हणजे तीच एक निवड), बारा केस. मॅकेबच्या हिशेबाने १३. आता दुसरं फंक्शन: लूपच्या (पुनरावृत्तीच्या) आत लूप, त्यात इफ, त्या इफमध्ये आणखी एक इफ. चार निर्णय, म्हणून ५. पहिलं चहा पिता पिता वाचून होतं. दुसऱ्यात आतल्या ओळीवर पोचेपर्यंत 'बाहेरच्या लूपचा मोजणीचा आय कितीवर होता, आणि ही अट कशासाठी?' असं बोट ठेवून मागे जावं लागतं. टूल तक्रार करतं ती पहिल्याबद्दल.

पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, पर्ड्यू विद्यापीठाच्या मॉरिस हाल्स्टेड यांनी निराळी वाट धरली. त्यांनी फांद्या सोडून शब्द मोजले. वेगवेगळे ऑपरेटर (अधिक-वजा यांसारख्या क्रिया) किती, वेगवेगळे ऑपरंड (त्या ज्यांवर चालतात ती नावं आणि संख्या) किती, आणि दोन्ही एकूण किती वेळा आले, या चार मोजण्यांतून त्यांनी कोडचं 'आकारमान', 'अवघडपणा' आणि 'श्रम' काढले. इथपर्यंत ठीक. पण पुढे श्रमाला १८ ने भागून प्रोग्रॅम लिहायला किती सेकंद लागतील हेही त्यांनी काढलं. हा १८ जॉन स्ट्राउड या मानसशास्त्रज्ञाच्या अंदाजातून आला: मेंदू सेकंदाला सुमारे इतके सूक्ष्म निर्णय घेतो. मेंदूबद्दलचं एवढं ढोबळ गृहीतक थेट भागाकारात वापरल्यावर टीका व्हायची ती झालीच. तरी शब्दसंग्रहाचा भार मोजायची मूळ कल्पना वाया गेली नाही, हे पुढे दिसेल.

त्यानंतर मापांचा पूर आला. हेन्री आणि काफुरा यांनी १९८१ मध्ये मॉड्यूलमध्ये किती माहिती शिरते आणि किती बाहेर पडते ते मोजलं. चिदंबर आणि केमरर यांनी १९९४ मध्ये क्लाससाठी (माहिती आणि तिच्यावरची फंक्शनं एकत्र बांधणाऱ्या साच्यासाठी) सहा मापं मांडली. नव्वदच्या दशकात 'मेंटेनेबिलिटी इंडेक्स' आला, कोड सांभाळायला किती सोपा हे सांगणारा. हाल्स्टेडचं आकारमान, मॅकेबचा आकडा आणि ओळींची संख्या यांचं मिश्रण, सुरुवातीला १७१ आणि पुढे ५.२, ०.२३, १६.२ असे गुणक. हे गुणक त्या काळच्या इंजिनिअरांनी आपापल्या कोडबद्दल दिलेल्या मतांना रेषा जुळवून काढलेले. नंतर व्हिज्युअल स्टुडिओ या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरने ते माप ० ते १०० मध्ये बसवून २० च्या वर हिरवा रंग दिला. हिरवा दिसला की माणूस निश्चिंत होतो.

दरम्यान मार्टिन शेपर्ड यांनी १९८८ मध्ये मॅकेबच्या मापाची सविस्तर चिकित्सा केली होती. सैद्धांतिक पाया कच्चा आहे आणि बऱ्याच अभ्यासांत हा आकडा ओळींच्या संख्येपेक्षा फारसं वेगळं काही सांगत नाही, असा त्यांचा रोख. ज्या पट्टीला हटवायला आकडा आला, तिच्याच मागे तो चालत होता.

गुंता कमी करण्याचं शास्त्र मात्र मापांच्या बाजूने नव्हे, लिहिणाऱ्यांच्या बाजूने आलं. वागणूक न बदलता कोडची रचना बदलायची, याला रिफॅक्टरिंग म्हणतात. विल्यम ऑपडाइक यांचा त्यावरचा प्रबंध १९९२ चा, आणि मार्टिन फाउलर यांच्या १९९९ च्या पुस्तकाने ते घरोघरी पोचवलं. त्यातली दोन हत्यारं रोजची: तुकडा काढून त्याला नाव देणं, आणि नको असलेल्या अटी सुरुवातीलाच 'रिटर्न' करून निकालात काढणं. लिनक्स कर्नलच्या (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) कोड लिहायच्या नियमांत तर आठ-आठ जागांचा टॅब मुद्दाम ठेवलाय. आत-आत शिरत गेलात की कोड उजवीकडे सरकून अंगावर येतो. तीनपेक्षा जास्त पातळ्या लागल्या तर आधी प्रोग्रॅम सुधारा, असं तिथे बिनदिक्कत लिहिलंय.

तुकडा काढणं हे हत्यार आणि आकडा हे फर्मान एकत्र आलं की काय होतं, ते मी एका टीममध्ये पाहिलंय. बिल्डला (कोड जुळवून प्रोग्रॅम तयार करण्याच्या टप्प्याला) दहाची अट लावल्यावर आठवड्याभरात 'प्रोसेस', 'प्रोसेस टू' आणि 'प्रोसेस रेस्ट' अशी फंक्शनं उगवली, प्रत्येकाला नऊ-नऊ पॅरामीटर. अहवाल हिरवागार. बग शोधायला मात्र तीन फायली उघड्या ठेवाव्या लागायच्या. त्यातलं एक फंक्शन माझंच होतं.

वाचणाऱ्यालाच विचारावं, हे सुचायला बराच काळ गेला. रेमंड ब्यूस आणि वेस्टली वायमर यांनी १२० जणांना कोडचे १०० छोटे तुकडे दाखवून गुण द्यायला सांगितले. त्याचा सविस्तर निबंध २०१० चा. लांब ओळी आणि एका ओळीत कोंबलेली नावं वाचकाला सर्वांत जास्त खुपली. मधल्या कोऱ्या ओळींचा उपयोग कॉमेंट्सपेक्षा जास्त झाला.

त्यानंतर कोड तपासायची टूल्स बनवणाऱ्या सोनारसोर्सच्या जी. ॲन कॅम्पबेल यांनी 'कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी' मांडली, तीही उघडपणे वाचकासाठी म्हणून. सरळ वाचनाचा प्रवाह तुटला की एक गुण, आणि जितकं आत तितका दंड वाढत जातो. अख्ख्या स्विचला मिळून एकच. आपली मघाची दोन फंक्शनं यात घाला: महिन्यांचं १, आणि लूपच्या पोटातल्या लूपचं एक, दोन, तीन, चार मिळून १०. निकाल उलटला. मॅकेब यांनी १९७६ मध्ये दिलेली सूट चाळीस वर्षांनी नियमात आली.

हे माप तरी बरोबर आहे का? २०२१ मध्ये नॉर्मन पाइटेक आणि सहकाऱ्यांनी १९ जणांना एफएमआरआय या मेंदूतल्या हालचाली टिपणाऱ्या यंत्रात झोपवून छोटे प्रोग्रॅम वाचायला दिले आणि मेंदूतल्या हालचाली वेगवेगळ्या मापांशी ताडून पाहिल्या. मापांची भाकीत करायची ताकद बेताचीच निघाली. मजकूर किती लांब आहे यावर लक्ष किती द्यावं लागतं हे ठरत होतं, आणि कार्यरत स्मृतीवर भार पडत होता तो वेगवेगळ्या शब्दांच्या संख्येचा. म्हणजे हाल्स्टेड १९७७ मध्ये जे मोजत बसले होते, त्याचा.