गावाची खबर कोण देतो: खान्देशातील स्थानिक पानांमागचा इतिहास

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत ज्याच्या नावाने फेसबुकवर एखादे पान नाही किंवा व्हॉट्सॲपवर चार-दोन ग्रुप नाहीत, असे मोठे गाव आज क्वचितच सापडेल. गावाच्या नावाआधी ‘आपलं’, ‘आम्ही’ किंवा ‘माझं’ असे काहीतरी लावलेली ही पाने सकाळी कापसाचा भाव देतात, दुपारी कोणाच्या तरी निधनाची वार्ता, संध्याकाळी नळाला पाणी कधी येणार याची सूचना आणि रात्री एखाद्या खड्ड्याचे छायाचित्र. पाने नवी असली तरी त्यांनी घेतलेली जागा जुनी आहे. त्या जागेवर आधी कोण होते आणि त्याला जाब कोण विचारू शकत होते, हे पाहिल्याशिवाय या पानांचे बळही कळत नाही आणि दोषही कळत नाहीत.

छापखाना येण्यापूर्वी आणि आल्यानंतरही कितीतरी वर्षे गावाची जाहीर सूचना म्हणजे दवंडी होती. पाटील-तलाठ्याने सांगायचे आणि कोतवालाने डफ वाजवत गल्लोगल्ली ते ओरडून सांगायचे, अशी ही रीत होती. शेतसारा भरण्याची मुदत, साथीच्या रोगाची सूचना, लिलाव, जप्ती हे सारे दवंडीतूनच कळे. तिच्यात उलट प्रश्नाला जागा नव्हती आणि मजकूरही सरकारचा किंवा गावकारभाऱ्यांचाच असे. मात्र सांगणारा कोण, कोणाच्या हुकमाने सांगतो आणि तो कुठे राहतो, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असे. गावाबाहेरची खबर आठवडे बाजारात मिळे. सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा पाड्यांसाठी होळीआधीचा भोंगऱ्या बाजार किंवा तापीकाठी सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा ही खरेदीची ठिकाणे होती, तशीच सोयरीक, मयत, भांडण आणि पीकपाणी यांच्या बातम्यांचीही होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, खान्देश हा एकच जिल्हा असताना, धुळ्याहून ‘खान्देश वैभव’ आणि जळगावहून ‘प्रबोधचंद्रिका’ ही पत्रे निघू लागली. १९०६ मध्ये जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम खान्देश असे दोन भाग झाले आणि पुढेही दोन्हीकडे लहान साप्ताहिकांची परंपरा टिकून राहिली. या पत्रांचा खप मोठा नसे, पण १८६७ च्या मुद्रण व पुस्तक नोंदणी कायद्याने एक गोष्ट बंधनकारक केली होती. मुद्रक आणि प्रकाशक कोण आणि छपाई कुठे झाली, हे अंकावर छापावे लागे, आणि पुढे संपादकाचे नावही द्यावे लागू लागले. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात येणारी ती ओळ वाचक वाचत नसत, हे खरे. तरीही बातमी खोटी निघाल्यास कोणाच्या दारात जायचे, हे त्या ओळीमुळे ठरलेले असे. आजच्या पानांचा विचार करताना ही तळाची ओळ विसरून चालणार नाही.

छापखान्याशिवायही समूहापुरती बातमी देता येते, याचे एक उदाहरण खान्देशातच आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असलेले साने गुरुजी १९२० च्या दशकात तेथील वसतिगृहाचे काम पाहत असताना विद्यार्थ्यांसाठी हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ काढत. पुढे त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक चालवले आणि १९३८ मध्ये अमळनेरहूनच ‘काँग्रेस’ साप्ताहिक सुरू केले. एका छपराखाली राहणाऱ्या मुलांसाठी रोज हाताने लिहिलेले दैनिक ही आजच्या कॉलनीच्या ग्रुपशी जवळचे नाते सांगणारी गोष्ट आहे, असे मला वाटते. वाचक मोजके आणि एकमेकांना ओळखणारे, विषय त्यांच्याच रोजच्या जगण्यातले आणि लिहिणारा त्यांच्यामध्येच राहणारा, ही तिन्ही लक्षणे तेथे होती.

स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षे मोठी दैनिके बाहेरच्या शहरांत छापून रेल्वेने आणि एसटीने येत, आणि त्यांत तालुक्याच्या गावाला क्वचितच जागा मिळे. १९७६ मध्ये आकाशवाणीचे जळगाव केंद्र सुरू झाले आणि १९७७ मध्ये ‘लोकमत’ने जळगाव आवृत्ती काढली. आवृत्ती जिल्ह्यातच छापली जाऊ लागल्यावर रात्री उशिराची बातमीही सकाळच्या अंकात येऊ लागली, आणि तालुक्याच्या पानासाठी तालुका वार्ताहर हे पद घडले. हा वार्ताहर बहुधा पगारी नसे. तो अंकांची एजन्सी चालवी, जाहिरातींवर दलाली मिळवी आणि उरलेल्या वेळात बातम्या पाठवी. त्यामुळे पुढाऱ्याचा वाढदिवस मोठा आणि गटारीची तक्रार लहान, असे प्रमाण पडले. ही पद्धत सदोष होतीच, पण वार्ताहर सकाळी एसटी स्टँडवर गठ्ठे उतरवताना सगळ्यांना भेटे. चुकीचे छापले तर त्याला त्याच स्टँडवर ऐकून घ्यावे लागे.

स्थानिक माहितीचा प्रवास कसा झाला, हे निधनवार्तेवरून सर्वांत स्पष्ट दिसते. दैनिकातल्या निधनवार्तेला एक अडचण होती, कारण ती दुसऱ्या दिवशी सकाळी छापून येई आणि अंत्ययात्रा तोपर्यंत होऊन गेलेली असे. म्हणून लहान शहरांत ध्वनिक्षेपक लावलेली रिक्षा फिरवण्याची आणि खेड्यांत मंदिराच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगण्याची पद्धत होती व अजूनही आहे. केबल घरोघरी पोहोचल्यावर शहरांतल्या केबलचालकांनी पडद्याच्या तळाशी सरकणारी पट्टी सुरू केली आणि जेवताना कुटुंबाची नजर सिनेमापेक्षा त्या पट्टीकडे अधिक जाऊ लागली. आज हेच काम व्हॉट्सॲपवरचा एक चौकोनी फोटो करतो. वर ‘दुःखद निधन’, मध्ये फुलांच्या चौकटीत छायाचित्र, खाली ‘अंत्ययात्रा राहत्या घरून’ आणि वेळ, मग मुलांची, जावयांची व नातवंडांची नावे. दोन दिवसांनी त्याच कुटुंबाची द्वारदर्शनाची, म्हणजे सांत्वनाला येण्याची, वेळ येते आणि त्यानंतर गंधमुक्ती व उत्तरकार्याची पत्रिका. सुरतेला किंवा पुण्याला असलेल्या भाच्याला आता गाडी पकडून वेळेत पोहोचता येते. खान्देशात ज्या ज्येष्ठांनी स्मार्टफोन नको म्हटला होता, त्यांतल्या पुष्कळांनी तो याच एका कारणासाठी घेतला असावा.

समाजमाध्यमांचा पहिला टप्पा मात्र गावापेक्षा महाविद्यालयाचा होता. ऑर्कुट हे फेसबुकसारखे संकेतस्थळ २००४ मध्ये आले आणि २०१४ मध्ये बंद झाले. त्यावरचे खान्देशी तरुण बहुतेक पुण्या-मुंबईत शिकणारे होते आणि ते रोमन अक्षरांत मराठी लिहीत. फेसबुकने २००७ च्या अखेरीस पानांची सोय दिली, पण गावाने ती वापरावी अशी परिस्थिती तेव्हा नव्हती. फोनवर देवनागरी सहज लिहिता येऊ लागली, व्हॉट्सॲपच्या ग्रुपची सदस्यमर्यादा २०१६ मध्ये २५६ झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जिओची सेवा सुरू होऊन डेटा स्वस्त झाला. या तीन गोष्टी जवळजवळ एकत्र आल्यावर खान्देशातले गाव ऑनलाइन आले. तालुका वार्ताहरांपैकी काहींनी स्वतःचे पोर्टल काढले, तर काही ठिकाणी मोबाइल दुकानदार, फोटोग्राफर किंवा एखाद्या मंडळाचा कार्यकर्ता ॲडमिन झाला. कायद्याच्या भाषेतला संपादक यांत कोणीच नव्हता. तळाची ती बारीक ओळ येथे गळून पडली, आणि तेव्हा कोणाला त्याचे फारसे काही वाटले नाही.

त्याची किंमत १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे दिसली. मुले पळवणारी टोळी आल्याचे संदेश त्या दिवसांत सर्वत्र फिरत होते. रविवारच्या आठवडे बाजारात भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ग्रामपंचायत कार्यालयात कोंडून जिवे मारले. ज्या बाजारात पूर्वी खबर समोरासमोर पारखली जाई, त्याच बाजारात फोनवरून आलेल्या, मूळ कोणालाही माहीत नसलेल्या अफवेने माणसे मेली. पुढे धुळ्याच्या न्यायालयात आरोपींपैकी काहींना जन्मठेप झाली. देशभरातल्या अशा घटनांनंतर व्हॉट्सॲपने त्याच महिन्यात पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवणे सुरू केले आणि भारतात एकावेळी पाचच ठिकाणी संदेश पाठवता येईल अशी मर्यादा आणली. स्थानिक पातळीवर बदल झाला तो ॲडमिनच्या वागण्यात. ग्रुपमधील मजकुराला तुम्ही जबाबदार धरले जाल, अशा सूचना पोलीस देऊ लागल्यावर अनेक ग्रुपांमध्ये फक्त ॲडमिनच लिहू शकेल अशी व्यवस्था झाली. कायद्याने हे उत्तरदायित्व नेमके किती, यावर वाद आहे. लोकांनी मात्र ते ॲडमिनच्या माथी मारून टाकले.

पानांचा खरा उपयोग कुठे होतो, हे पाहायचे असेल तर पावसाळ्यात तापीकाठी पाहावे. भुसावळजवळच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत आणि त्यात येणारे पाणी तापी व पूर्णा या दोन नद्यांचे असते. म्हणजे पाऊस बऱ्हाणपुराकडे किंवा मेळघाटात पडतो आणि जळगाव जिल्ह्यात आभाळ कोरडे असतानाही काही तासांनी दरवाजे उघडावे लागतात. किती दरवाजे, किती मीटरने आणि किती क्युसेक विसर्ग, हे आकडे पाटबंधारे विभाग देतो. ते खालच्या गावांत आधी महसूल यंत्रणेमार्फत आणि दवंडीने पोहोचत. आता तोच तक्ता काही मिनिटांत चोपडा, शिरपूर, शहादा भागातल्या ग्रुपांवर येतो आणि नदीपात्रातले पंप व गुरे वेळेत हलवता येतात. अडचण असते ती छायाचित्राची. सगळे दरवाजे उघडल्याचे कोणत्या तरी जुन्या वर्षाचे भव्य दृश्य दरवर्षी फिरते, आणि त्यावर तारीख नसते. जे पान विभागाच्या पत्रकाचाच फोटो वेळेसह टाकते त्याच्यावर शेतकरी विसंबतात, आणि नुसते दृश्य टाकणाऱ्या पानावर लाइक पडतात.

२०२० च्या टाळेबंदीने पानांना घरातल्या प्रत्येक वयाच्या माणसापर्यंत नेले. घरोघरी अंक टाकण्यावर एप्रिलमध्ये निर्बंध आले, दैनिके पीडीएफ रूपात ग्रुपांवर फिरू लागली आणि जिल्हा प्रशासनाचे रोजचे रुग्णांचे आकडे लोक तेथेच वाचू लागले. त्या उन्हाळ्यात जळगाव जिल्ह्याचा मृत्युदर देशाच्या सरासरीहून बराच वर होता, त्यामुळे या आकड्यांची वाट भीतीनेच पाहिली जाई. पानांचे महत्त्व वाढण्याचे नंतरचे एक कारण कमी चर्चेत आहे. जळगाव आणि धुळे या दोन्ही महापालिकांतील नगरसेवकांची मुदत २०२३ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. तुंबलेल्या गटारीसाठी ज्याचे दार वाजवायचे तो नगरसेवकच राहिला नाही, तेव्हा तक्रारीचा फोटो स्थानिक पानावर टाकून आयुक्तांना टॅग करण्याची सवय वाढली.

या पानांचा मोठा वाचकवर्ग खान्देशाबाहेर आहे, हेही विसरता येत नाही. सुरतेचा उधना आणि लिंबायत भाग, नाशिकच्या औद्योगिक वसाहती, कल्याण-उल्हासनगर आणि पुणे येथे कामासाठी गेलेली हजारो कुटुंबे कार्तिकी एकादशीचा जळगावचा रथ किंवा श्रावणातला कानबाई देवीचा उत्सव थेट प्रक्षेपणातून पाहतात. प्रतिक्रियांमध्ये ‘तुमना गावमा पानी पडनं का?’ असे अहिराणीत विचारले जाते. घरात बोलली जाणारी पण शाळेत न लिहिलेली ही बोली इतक्या लोकांनी रोज लिहिण्याची ही पहिलीच वेळ असावी. शुद्धलेखन ज्याचे त्याचे आहे, आणि ते तसेच राहिले तरी काही बिघडत नाही.

नंदुरबारच्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील डोंगरी पाड्यांवर हे सारे अर्धेच पोहोचले आहे, कारण तेथे नेटवर्क तुटक आहे आणि संदेश बाजारच्या दिवशी धडगाव किंवा मोलगीला उतरल्यावरच एकदम येतात. इतरत्र मात्र पुन्हा एक बदल सुरू आहे. व्हॉट्सॲपने २०२३ मध्ये भारतात चॅनलची सोय दिल्यावर अनेक मोठ्या पानांनी तिकडे मुक्काम हलवला. चॅनलवर अनुयायांची संख्या अमर्याद असते, पण वाचकाला ग्रुपसारखे उलट लिहिता येत नाही, तो बहुधा इमोजीच टाकतो. बातमी तेथून घ्यायची आणि ‘हे खरे का, कोणी सांगितले?’ हा प्रश्न गल्लीच्या, भाऊबंदकीच्या किंवा दूध डेअरीच्या लहान ग्रुपवर विचारायचा, अशी विभागणी आता बहुतेक गावांत पडली आहे. त्या लहान ग्रुपचा ॲडमिन कोणाच्या शेजारी राहतो, हे तेथे सर्वांना माहीत असते.