मांजरीचं वेत: पिल्लांचा आकडा कसा ठरतो

मांजर गाभण आहे हे कळलं की घरातला पहिला प्रश्न एकच असतो: पिल्लं किती होणार? ढोबळ उत्तर तीन ते पाच. पहिल्या वेताला बहुधा दोन-तीन, आणि सात-आठ वर्षांपुढच्या मांजरीला पुन्हा कमी. पर्शियनचं वेत लहान असतं, सयामी आणि बर्मीजचं मोठं. उच्चांकाची नोंद १९७० सालची आहे. इंग्लंडमध्ये एका बर्मीज-सयामी संकर मांजरीला तेव्हा एकोणीस पिल्लं झाली, त्यातली चार मृत जन्मली. मांजरीला सड असतात साधारण आठ, त्यामुळे या उच्चांकाचा हेवा करण्याचं कारण नाही.

हा आकडा एका दिवसात ठरत नाही. आधी बीजं किती सुटली त्यावर त्याची वरची मर्यादा पडते आणि मग विण्याच्या दिवसापर्यंत तो फक्त घटू शकतो.

गाई-म्हशींमध्ये माजाच्या ठरल्या वेळी बीज सुटतं. मांजरीत मात्र समागमानेच बीजं सुटायला चालना मिळते. बोक्याच्या लिंगावर बारीक काटे असतात. त्यांच्या घर्षणाची संवेदना मेंदूपर्यंत पोचली की एलएच नावाचं संप्रेरक रक्तात उसळतं. एकदाच समागम झाला तर ही उसळी बऱ्याचदा अपुरी पडते, काही तासांत तीन-चार वेळा झाला तर बहुधा काम होतं. त्यानंतर दिवसा-दोन दिवसांत सगळी बीजं जवळपास एकदमच सुटतात. मधल्या वेळात दुसरा बोका आला तर त्याचाही हिस्सा पडतो. एका वेतात दोन-तीन बाप असणं त्यामुळे अजिबात नवलाचं नाही, आणि इंदूरच्या राजवाड्यामागच्या गल्ल्यांसारख्या दाट वस्तीत, जिथे एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर सहज जाता येतं, तिथे तर नाहीच.

माज दिवसाच्या लांबीवर चालतो. दिवस मोठा होऊ लागला की मांजर माजावर येते. युरोपातल्या मांजरी ऑक्टोबरपासून दोन-तीन महिने थांबतात. इंदूरचा सर्वांत लहान दिवसही पावणेअकरा तासांचा असतो आणि वर घरात रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट. त्यामुळे आपल्याकडे हा खंड आखूड असतो, काही मांजरींमध्ये तो जाणवतही नाही.

मांजरीचं गर्भाशय दुबेळक्यासारखं असतं, दोन लांब फाटे. गर्भ पाच-सहा दिवसांत तिथे उतरतात आणि चक्क एका फाट्यातून दुसऱ्यात सरकून आपापसांत अंतर राखतात. बाराव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास ते रुजतात. पहिली गळती इथेच होते. काही गर्भ रुजत नाहीत, काही रुजून विरघळतात आणि आईच्या शरीरात शोषले जातात. बाहेर काहीच दिसत नाही. चौथ्या आठवड्यात सोनोग्राफीत चार ठोके दिसले आणि पिल्लं तीनच झाली, तर डॉक्टरांनी चुकीचं सांगितलं असं लगेच समजू नये.

या गळतीचं घरगुती कारण ताटात असतं. पोहे-जिलेबीवर इंदूर चालतं, मांजर नाही. दूध-पोळीवर वाढवलेल्या मांजरीला टॉरिन मिळत नाही. हे द्रव्य मांस आणि मासळीत असतं, वनस्पतींत जवळजवळ नसतंच, आणि मांजरीचं शरीर ते पुरेसं बनवू शकत नाही. टॉरिन कमी पडलं की गर्भ विरघळतात, गर्भपात होतो किंवा पिल्लं हाडकुळी जन्मतात. ते पाण्यात विरघळतं, म्हणून चिकन उकडलं तर पाणी फेकू नये, त्यातच कालवून द्यावं. शाकाहारी घरात सोपा मार्ग म्हणजे ‘किटन’ असं लिहिलेलं तयार मांजरखाद्य, गाभणपणाच्या उत्तरार्धापासून दूध तुटेपर्यंत. दुसरं कारण पॅनल्युकोपेनिया या मांजरींच्या रोगाचा विषाणू. तो गर्भ मारतो, आणि जगलेल्या पिल्लांचा तोल सांभाळणारा छोटा मेंदू अर्धवट राहून ती आयुष्यभर झोकांड्या खात चालतात. लस गाभण राहण्याआधीच टोचलेली हवी. जिवंत विषाणूची लस गाभण मांजरीला देत नाहीत.

गाभणपण साधारण ६३ ते ६५ दिवसांचं. तिसऱ्या आठवड्यात सड गुलाबी होऊन फुगतात. पण खात्रीचा आकडा हवा असेल तर ४५व्या दिवसानंतर एक्स-रे काढावा, कारण तोवर हाडांत कॅल्शियम भरलेलं असतं आणि कवट्या-मणके मोजता येतात. ही मोजणी कौतुकासाठी नसून विण्याच्या रात्रीसाठी आहे. चार पिल्लं आहेत हे माहीत असेल तरच तिसऱ्यानंतर काम संपलं की अडलं हे कळतं.

खोका साधारण ५० बाय ४० सेंटिमीटरचा, शांत अंधाऱ्या कोपऱ्यात, आत धुतलेलं सुती कापड. सुटे दोरे नकोत, ते पिल्लांच्या पायांना गुंडाळतात. दाराशी बोटभर नाही, चांगला वीतभराच्या आतबाहेर उंबरा ठेवावा, म्हणजे आई येते-जाते आणि पिल्लं आत राहतात. शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ गुदमार्गातून तापमान घेतलं तर एरवीचं १०१-१०२ फॅरनहाइट १००च्या खाली उतरताना दिसतं. मग बहुधा दिवसभरात कळा येतात. मांजर खोका उकरते, धापते, घुरघुरते, खात नाही. हे बारा तास, क्वचित चोवीस तासही चालतं.

जोरदार कळा सुरू झाल्यावर पहिलं पिल्लू अर्ध्या तासात यायला हवं. पुढची दहा मिनिटं ते तासाभराच्या अंतराने. सुमारे चाळीस टक्के पिल्लं मागच्या पायांनी येतात, ते पाहून घाबरू नये आणि ओढू तर मुळीच नये. आई पातळ पिशवी फाडते, चाटते, नाळ कुरतडते. मिनिटभरात तिने पिशवी फाडली नाही तर नाकाकडून बोटांनी फाडावी, तोंड पुसावं, डोकं किंचित खाली धरून खरखरीत टॉवेलने पाठ चोळावी. पिल्लू हवेत झटकू नये, त्याने मेंदूला इजा होते. नाळ पोटापासून दोन-तीन सेंटिमीटरवर दोऱ्याने बांधून पलीकडे कापावी आणि पोव्हिडोन आयोडिन लावावं. प्रत्येक पिल्लाची वार, म्हणजे नाळेच्या दुसऱ्या टोकाचा मांसल भाग, पडली का ते मोजावं. आईने एक-दोन खाल्ल्या तर हरकत नाही, जास्त खाल्ल्या तर जुलाब होतात.

मांजरीत मध्येच काही तासांची, कधी पूर्ण दिवसाची विश्रांती पडते. ती शांतपणे पिल्लांना पाजत असेल, खातपीत असेल तर ती विश्रांती. पण वीस-तीस मिनिटं जोरात कळा येऊन काहीच बाहेर आलं नाही, पिल्लू दहा मिनिटं मार्गात अडकलं, ताजं रक्त थांबेना किंवा स्रावाला घाण वास आला, तर दवाखाना. गर्भाशय थकून आकुंचन थांबणं हे अडण्याचं सर्वांत मोठं कारण. पर्शियनसारख्या मोठ्या डोक्याच्या जातींत अडचण जास्त येते. औषधाच्या दुकानातून ऑक्सिटोसिन, म्हणजे कळा वाढवणारं इंजेक्शन, आणून स्वतः टोचणं हा सर्वांत वाईट उपाय: पिल्लू आडवं अडलं असेल तर गर्भाशय फाटतं. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय इंदूरपासून पंचवीसएक किलोमीटरवर आहे, पण रात्री दोन वाजता कुठे जायचं हे कळा सुरू झाल्यावर ठरवू नये. रात्री शस्त्रक्रिया करणारा दवाखाना ६०व्या दिवसाआधी विचारून ठेवावा.

जन्मलेलं पिल्लू ९० ते ११० ग्रॅमचं असतं आणि त्याला कुडकुडताही येत नाही. पहिला आठवडा खोक्याच्या एका कोपऱ्यात ३० ते ३२ अंश सेल्सियस हवेत. इंदुरात जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून एका बाजूला ठेवावी. दुसरी बाजू मोकळी राहू द्यावी. मे महिन्यात कूलरचा झोत सरळ खोक्यावर नको. चीक, म्हणजे आईचं पहिलं दाट दूध, पहिल्या सोळा तासांतच पोटात जायला हवा, नंतर आतडं त्यातली प्रतिकारद्रव्यं घेत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज ठरल्या वेळी वजन करावं. दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढ ठीक. दोन दिवस वजन थबकलं तर पिल्लू संकटात आहे, मग ते कितीही शांत झोपलेलं दिसो. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब, मग दूध. थंड पोटात दूध पचत नाही. गाईच्या दुधात मांजरीच्या दुधापेक्षा प्रथिनं आणि चरबी कमी, साखर जास्त, म्हणून पिल्लांसाठीची दूधपावडरच वापरावी. पाजताना पिल्लू पोटावर असावं; उताणं पाजलं तर दूध फुप्फुसात जातं.

आई पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. सात हा आकडा आपला, फिरवण्याचं कारण बहुधा गडबड. येणाऱ्या-जाणाऱ्याने खोक्यात डोकावणं थांबवलं की हे फिरणंही पुष्कळ कमी होतं.

मोठं वेत पाजणाऱ्या मांजरीच्या रक्तातलं कॅल्शियम कधीकधी एकदम घसरतं: थरथर, धाप, ताठ पाय. हे तातडीचं, शिरेतून कॅल्शियम द्यावं लागतं. मात्र गाभणपणातच घरातलं कॅल्शियमचं सिरप पाजून ठेवलं तर हाडांतून कॅल्शियम काढण्याची शरीराची सवय मोडते आणि धोका उलट वाढतो.

दूध तुटल्यावर काही आठवड्यांत, कधी पिल्लं पीत असतानाच, मांजर पुन्हा माजावर येते. दूध आटल्यावर, म्हणजे पिल्लं तुटल्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी तिची नसबंदी करून घ्यावी. पिल्लांचीही पाच महिन्यांच्या आत, कारण भाऊ-बहीण हा भेद मांजरी पाळत नाहीत. बोक्याची शस्त्रक्रिया झाली तरी त्याला महिनाभर माजावरच्या मांजरीपासून दूर ठेवावं. आधीचे शुक्राणू काही आठवडे उरतात.