रुळाच्या पोटातला दाब

रेल्वेचा जुना 'खडाक-खडाक' आवाज आता बराच कमी झालाय, कारण रुळांमधल्या फटी वेल्डिंगने बुजवून लांबच लांब सलग रूळ टाकले जातात. पण फट गेली म्हणून पोलाद उन्हात प्रसरण पावायचं थोडंच थांबतं? स्लीपर आणि खडी रुळाला जागचं हलू देत नाहीत. मग जी वाढ लांबीत दिसली असती, ती दाब बनून आतच कोंडून राहते. तापमान एका अंशाने वाढलं की हा दाब सुमारे २.४ मेगापास्कलने (मेगापास्कल हे दाबाचं एकक) वाढतो. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळाचा छेद सुमारे ७७ चौरस सेंटिमीटर असतो. म्हणजे रूळ ३० अंशांनी तापला की त्यात ५५ टनांच्या आसपास जोर साठतो. सहन होईनासं झालं की रूळ सापासारखा वाकडा होतो. थंडीत उलटं, ताण पडून रूळ तडकू शकतो.

आणि तडकायच्या आदल्या दिवशीही रूळ दिसायला तसाच असतो, पंचाईत आहे ती हीच. आतला जोर मोजायचा तर रूळ कापून फट किती पडते ते पाहायचं, हा खात्रीचा मार्ग. पण प्रकृती पाहण्यासाठी रोग्याचा हात कापण्यासारखाच तो! क्ष-किरणांनी न कापता मोजता येतं, पण ते पोलादाच्या जेमतेम कातडीपर्यंत पोचतात.

इथे श्राव्यातीत ध्वनी, म्हणजे कानाला ऐकू न येणारा अतिउच्च ध्वनी, उपयोगी पडतो. धातूतली भेग शोधायला तो सर्रास वापरतात. भेगेवर आपटून प्रतिध्वनी परत येतो. ताण मोजताना मात्र आपटायला काही नसतं. पाहायचं असतं ते फक्त ध्वनीला ठरावीक अंतर कापायला किती वेळ लागला.

पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर वेगाने जातो. तंबोऱ्याची तार पिळली की स्वर चढतो, म्हणून वाटेल की ताणलेल्या पोलादात ध्वनीही जोरात धावेल. होतं नेमकं उलटं. ताणाच्या दिशेने जाणारी ध्वनिलहर मंदावते आणि दाबाखाली ती वेगावते. अणूंमधले बंध आदर्श स्प्रिंगसारखे नसतात. अणू दूर ओढले की ते किंचित ढिले होतात. गंमत म्हणजे धातू तापल्यावर प्रसरण पावतो तोही बंधांच्या याच खोडीमुळे. ह्यूज आणि केली यांनी १९५३मध्ये लोखंड, काच आणि पॉलिस्टायरीनवर हा परिणाम मोजून दाखवला.

परिणाम आहे मात्र इवलासा. १०० मेगापास्कल ताणाने वेग हजारात एखाद्या भागानेच बदलतो. ध्वनी सोडणाऱ्या आणि टिपणाऱ्या दोन प्रोबमध्ये २० सेंटिमीटर अंतर असेल, तर ध्वनीला ३४ मायक्रोसेकंद लागतात आणि फरक पडतो सुमारे ४० नॅनोसेकंदांचा. आजच्या इलेक्ट्रॉनिक्सला हे जड नाही. जड आहे ते वेगळंच: हा फरक नक्की कुणामुळे पडला?

तापमान एका अंशाने वाढलं की पोलादातला ध्वनी दहा हजारात एका भागाने मंदावतो. सलग रुळात त्याच एका अंशामुळे जो दाब वाढतो, त्याचा वेगावरचा परिणाम याच्या एक तृतीयांशही नसतो, शिवाय दिशाही उलटी. म्हणजे मोजायचं त्यापेक्षा गोंगाटच मोठा. त्यात रूळ लाटताना धातूच्या कणांना आलेलं वळण आणि कारखान्यात रूळ सरळ करताना आत राहून गेलेले ताण हेही वेग बदलतात. वीस वर्षं अंथरलेल्या रुळाचा 'शून्य ताणा'चा वेग आता कुठून आणायचा?

बोल्टचं सोपं असतं. पाना फिरवण्याआधी एक वाचन घ्यायचं, घट्ट केल्यावर दुसरं. १० सेंटिमीटरचा बोल्ट १०० मेगापास्कल ताणला की थोडा लांबतो आणि ध्वनीही मंदावतो. दोन्ही मिळून प्रतिध्वनी ५०-६० नॅनोसेकंद उशिरा येतो. टॉर्क रेंचच्या (पिळाचा जोर दाखवणाऱ्या पान्याच्या) आकड्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं, कारण पान्यावर लावलेला बहुतेक जोर घर्षणातच जातो, बोल्ट ताणायला त्यातला साधारण दहावा हिस्साच उरतो.

रेल्वेच्या चाकांसाठी आणखी एक युक्ती आहे. चाकाच्या धावेत कारखान्यातच मुद्दाम दाब भरलेला असतो, म्हणजे भेगा पसरत नाहीत. पण ब्रेक घासून धाव वारंवार तापली की त्या दाबाचा हळूहळू ताण होतो. तिथे धावेच्या जाडीतून आडव्या कंपनाच्या दोन लहरी पाठवतात, एकीचं कंपन ताणाच्या दिशेने, दुसरीचं त्याला काटकोनात. दोघी एकाच वाटेने, एकाच तापमानातून जातात, त्यामुळे जाडी आणि उष्णता यांचा गोंधळ वजाबाकीत जवळजवळ निघून जातो. कणांच्या वळणाचा हिशेब मात्र तिथेही वेगळा ठेवावाच लागतो.