पन्नाशीतले मीठ आणि सत्तरीतली स्मरणशक्ती

अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून तो मेंदूला चांगला, हे विधान सोलापुरात शिकलेली माणसेही विश्वासाने सांगतात. फळाचा आकार आणि अवयवाचे आरोग्य यांचा काहीही संबंध नाही. स्मरणशक्ती वाढवणाऱ्या महागड्या चूर्णांच्या जाहिराती याच भाबडेपणावर चालतात.

लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांचा 'व्हाइटहॉल-२' अभ्यास १९८५ पासून चालू आहे. त्यात मध्यमवयातील आहाराचा दर्जा आणि पुढचा स्मृतिभ्रंश यांचा थेट संबंध आढळला नाही, परंतु पन्नाशीत वरचा रक्तदाब १३० किंवा अधिक असणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण जास्त दिसले. माझ्या मते हे दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले पाहिजेत, कारण ताटातले मीठ मेंदूपर्यंत पोहोचते ते मुख्यतः रक्तदाबाच्या वाटेने.

ती वाट फार विलक्षण आहे. हातापायांत धमन्यांना टप्प्याटप्प्याने फाटे फुटतात आणि त्यानुसार दाब उतरत जातो. मेंदूच्या तळाशी मात्र मोठ्या धमनीतून केसासारख्या बारीक धमन्या जवळजवळ काटकोनात निघून थेट खोल भागात शिरतात, त्यामुळे मोठ्या धमनीतला दाब त्यांच्या नाजूक भिंतींना बराचसा तसाच सोसावा लागतो. वर्षानुवर्षे तो सोसताना भिंतीतील स्नायुपेशी नष्ट होतात, त्यांच्या जागी ताठर प्रथिनयुक्त पदार्थ साचतो आणि पोकळी अरुंद होते. या धमन्यांना एकमेकींचा आधार जवळपास नसल्याने एक बंद पडली की तिच्या वाट्याचा भाग मरतो. दूरवर संदेश नेणाऱ्या मज्जातंतूंवरील मायलिनचे आवरणही अपुऱ्या रक्तपुरवठ्याने झिजते. एमआरआयमध्ये तेथे पांढरे डाग दिसतात, आणि विचारांचा वेग व नियोजनाची क्षमता मंदावते. पक्षाघाताचा झटका न येताही हे सारे घडू शकते. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमिलॉइड या प्रथिनाचा साठाही लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षे आधी सुरू होतो, म्हणून चाळिशी-पन्नाशीचा काळ महत्त्वाचा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे साधारण चहाच्या एका चमच्याहून कमी मीठ खावे. ज्वारीच्या भाकरीला मीठ लागतच नाही आणि तंतुमय पदार्थही तिच्यातून भरपूर मिळतात, ही आपल्या जिल्ह्याची जमेची बाजू आहे. शेंगाचटणी मात्र भाकरीवर किती पसरावी, लोणचे-पापड रोज असावेत का, पाव आणि खारीतले न दिसणारे मीठ कोणी मोजते का, हे प्रश्न घरोघरी विचारायला हवेत. साध्या मिठाऐवजी मिळणारे पोटॅशियमयुक्त मीठ मूत्रपिंडाच्या रुग्णांनी किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.