हॅलोविनच्या गोष्टीतलं मांजर कोर्टातून आलंय

हॅलोविनची मुलांची पुस्तकं आता आपल्याकडेही सर्रास मिळतात आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा सांगाडा एकच असतो. मांजराचं पिल्लू, उंदीर नाहीतर वटवाघूळ ३१ ऑक्टोबरच्या रात्री एकटंच बाहेर पडतं, चेटकिणीच्या झाडूवर बसतं, भोपळा त्याच्याशी बोलतो, आणि उजाडायच्या आत स्वारी घरी. गोड प्रकरण आहे. पण हे छोटे प्राणी आणि चेटकीण यांची जोडी मुळात जमली कशी हे बघायला गेलं तर ते काही गोडबिड नाही.

रात्र मूळची आयर्लंड-स्कॉटलंडकडची. साविन नावाचा सण, गुरं उन्हाळी कुरणांवरून खाली आणायची, हिवाळाभर पोसणं जमणार नाही ती कापायची, आणि त्या रात्री पलीकडच्या जगाचं दार उघडं असतं अशी समजूत. नंतर चर्चने १ नोव्हेंबरला सर्व संतांचा दिवस ठेवला आणि २ नोव्हेंबरला मृतांचा, जो वसईत आणि गोव्यात आजही पाळतात, कबरी साफ करून फुलं-मेणबत्त्या ठेवतात. म्हणजे गुरं झाली, मेलेले झाले, चेटकिणीचं मांजर मात्र अजून यायचंय.

ते येतं १५६६ मध्ये, इंग्लंडमधल्या चेम्सफर्डच्या कोर्टात. एलिझाबेथ फ्रान्सिस नावाच्या बाईने कबूल केलं की आजीने तिला एक मांजर दिलं होतं, त्याचं नाव सेथन, म्हणजे थेट सैतानच, आणि ते बोलायचं. रंग काळा नाही हं, पांढरं ठिपकेदार मांजर होतं. ते टोपलीत राहायचं, त्याला दूध-पाव मिळायचा आणि प्रत्येक कामाबद्दल रक्ताचा एक थेंब. पंधरा-सोळा वर्षांनी तिने ते ॲग्नेस वॉटरहाउस या शेजारणीला देऊन टाकलं, बदल्यात काय घेतलं तर एक केक. ॲग्नेसने ते भांड्यात लोकर घालून त्यात ठेवलं, पण ती इतकी गरीब होती की पुढे तिला ती लोकरच लागायला लागली, मग तिने म्हणे त्या मांजराचा बेडूक करून टाकला. ही म्हातारी फासावर गेली. मला यातली लोकरच डोक्यातून जात नाही, कारण जादू वगैरे सोडा, ही एका कफल्लक बाईच्या घरातली अगदी खरी वाटणारी अडचण आहे.

पुढे १६०४ च्या कायद्यात दुष्ट आत्म्याला खायला घालणं हासुद्धा गुन्हा झाला, म्हणजे एकटी म्हातारी घरातल्या प्राण्याशी बोलत बसली तरी संशयाला जागा. १६४५ च्या सुमारास मॅथ्यू हॉपकिन्स हा स्वयंघोषित चेटकीण-शोधक एसेक्स भागात फिरत होता. संशयित बाईला रात्र-रात्र जागं ठेवायचं आणि तिचे पाळीव सैतान भेटायला येतात का ते बघत बसायचं. पाळत ठेवणारे खोली झाडत राहायचे, कोळी किंवा माशी दिसली तर मारायची, आणि मारता आली नाही तर नक्की सैतानच! हॉपकिन्सच्या १६४७ च्या पुस्तिकेत या प्राण्यांचं चित्रच आहे, नावांसकट, आणि त्यात सॅक अँड शुगर नावाचा काळा ससाही आहे. नाव वाचून बालपुस्तकातलंच पात्र वाटावं.

१७३५ मध्ये ब्रिटनमध्ये चेटूक हा गुन्हाच राहिला नाही, आणि भीती गेल्यावरच त्यातली मजा उरली असं मला वाटतं. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सने १७८५ मध्ये हॅलोविनवर मोठी कविता लिहिली, त्याच्या टीपेत तो सांगतो की या रात्री चेटकिणी आणि सैतान मोकाट फिरतात असं लोक मानतात. मग १८४५ नंतरच्या दुष्काळात आयरिश लोक लाखोंनी अमेरिकेत गेले, सणही बरोबर गेला, या सणाला दिवा करायला सलगम कोरायचे, तिकडे त्याऐवजी भोपळा मिळाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे पोस्टकार्डांची लाट आली आणि त्यावर पाठ कमानीसारखी केलेलं काळं मांजर, घुबड, वटवाघूळ, भोपळा हा सगळा संच पक्का झाला. हे नीट बघा, हॅलोविनचे प्राणी चर्चने ठरवले नाहीत, छापखान्याने ठरवले.

त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये बालपुस्तकांची लेखिका बिट्रिक्स पॉटर हिचा निळा कोटवाला ससा पीटर रॅबिट १९०२ मध्ये बाजारात आला. घरातून गुपचूप बाहेर पडणारा, संकटात सापडणारा, शेवटी आईकडे परतणारा छोटा प्राणी हा साचा मुलांना जाम आवडला आणि पुढे हॅलोविनच्या गोष्टींमध्येही तोच दिसतो. एका रात्रीत संपणारी गोष्ट झोपवताना वाचायला सोयीची, आणि ऑक्टोबर संपताना तिकडची वटवाघळं, हेजहॉग (अंगावर काटे असलेला छोटा प्राणी) हिवाळी झोपेच्या तयारीला लागलेले असतात, म्हणजे थंडीआधीची शेवटची भटकंती हे निसर्गाशीही जुळतं.

काळ्या मांजराचं नशीब मात्र देशागणिक वेगळं. ब्रिटनमध्ये ते दिसणं शुभ मानणारे बरेच आहेत, अमेरिकेत अशुभ, आणि तिथली काही प्राणी-शेल्टर्स ऑक्टोबरमध्ये काळी मांजरं दत्तक देणं थांबवायची, लोक सजावटीपुरती नेतील किंवा छळतील या भीतीने. आता त्यातल्या काहींनी हा नियम काढून टाकलाय.