मूठ मिटते का, ते बघा

एका नव्याकोऱ्या इमारतीत रॅम्पच्या कडेला हातभर रुंदीचा चकचकीत दगडी कठडा होता. धरायचं कशाला, असं विचारलं, तर उत्तर आलं, "एवढा भक्कम कठडा आहे की!" भक्कम होताच. पण कठड्याचं काम माणसाला कडेवरून खाली पडू न देण्याचं. तोल जाताना मुठीत काही सापडावं, म्हणून हँडरेल लागते.

अमेरिकेच्या 2010 च्या सुलभ बांधकाम मानकांत गोल हँडरेलचा व्यास 32 ते 51 मिलिमीटर दिला आहे. 40 मिलिमीटरचा पाइप घ्या. घेर साडेबारा सेंटिमीटर. बोटं त्याला वळसा घालतात आणि समोरून अंगठा त्यांच्याजवळ येतो. हे कडं एकदा मिटलं की पाइप सुटायला बोटं उघडावी लागतात. रुंद दगडावर हात नुसता टेकतो. सगळी भिस्त घर्षणावर, आणि तळहात घामेजलेला.

आता स्नायूंकडे वळू. बोटं मिटवणारे मुख्य स्नायू कोपर आणि मनगट यांच्यामध्ये असतात आणि कंडरांच्या दोऱ्यांनी बोटं ओढतात. स्नायूच्या आत अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे तंतू एकमेकांत सरकतात. त्यांची गुंफण मध्यम असते तेव्हा ओढ सर्वाधिक. स्नायू फार आखडला की तंतूंची दाटी होते, फार ताणला की पकडच कमी उरते. मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवा आणि मूठ आवळून बघा, जोरच लागत नाही, कारण स्नायू आधीच आखडलेले असतात. अगदी बारीक सळई धरतानाही बोटं जास्त वळतात आणि स्नायू असेच आखडतात. बोटांचे खाचे पाडलेली 'अर्गोनॉमिक' रेल कोणी विकायला आलं, तर ते खाचे कुणाच्या बोटांच्या मापाचे, एवढं विचारा. शिवाय हात रेलवरून सरकत राहायला हवा. म्हणूनच ब्रॅकेट खालून लावतात, आणि बोटांची पेरं खरचटू नयेत म्हणून भिंतीपासून निदान 38 मिलिमीटर जागा सोडतात.

उंची 865 ते 965 मिलिमीटर; जिन्यात ती पायरीच्या पुढच्या कडेपासून मोजायची. रेल दोन्ही बाजूंना हवी. पक्षाघातानंतर उजवाच हात चालत असेल, तर चढताना उजवीकडे असलेली एकुलती रेल उतरताना डावीकडे येते.

1:12 चढावर (बारा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंची) चाकाची खुर्ची आणि माणूस मिळून 100 किलो असतील, तर उतारावरून खाली खेचणारं बल सव्वाआठ किलो वजनाइतकं भरतं. दम खायला थांबलेल्या माणसाला तेवढं पेलून धरावं लागतं. 1:6 चढ केला की ते दुप्पट.

आणि टोक. रॅम्प संपल्यावरही रेल सुमारे 305 मिलिमीटर आडवी पुढे जाते. उतरताना हात पायांच्या पुढे असतो. रेल आडवी झाली की दृष्टिहीन माणसाला सपाटी आल्याचं पायांआधी तळहाताला कळतं. तिचं टोक भिंतीत किंवा जमिनीकडे वळवतात, नाहीतर सदऱ्याची बाही नेमकी तिथेच अडकते.